बापाचा कण, लेकाची लाट: इलेक्ट्रॉन नक्की आहे तरी काय?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण यात राजे नाहीत आणि लढाया नाहीत. भांडणं मात्र भरपूर आहेत. आणि ज्या गोष्टीवरून ही भांडणं झाली, ती आत्ता तुमच्या हातातल्या फोनमध्येच आहे. इलेक्ट्रॉन.

सुरुवात एका बाप-लेकापासून करू. बाप म्हणजे जोसेफ जॉन थॉमसन. सगळे त्याला जे. जे. म्हणायचे. लेक म्हणजे जॉर्ज पॅजेट थॉमसन. जे. जे.ला १९०६ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, वायूंमधून वीज कशी वाहते यावरच्या कामासाठी. याच कामातून इलेक्ट्रॉन नावाचा कण जगासमोर आला होता. जॉर्जला १९३७ साली नोबेल मिळालं. कशासाठी? तर इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवलं म्हणून! एकाच घरात दोन नोबेल, आणि वरवर पाहिलं तर दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. लेकाला नोबेल मिळालं तेव्हा बाप हयात होता, ऐंशी वर्षांचा.

आता हे दोघंही बरोबर कसे, हा प्रश्न विचारला की आपण भौतिकशास्त्रातून थेट तत्त्वज्ञानात जातो. घाबरू नका, गणित येणार नाही.

काचेच्या नळीतलं भांडण

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये एक खेळणं फार लाडकं होतं. काचेची नळी घ्यायची, आतली हवा जमेल तेवढी काढून टाकायची आणि दोन टोकांना मोठ्या दाबाची वीज जोडायची. ऋण टोकाकडून, म्हणजे कॅथोडकडून काहीतरी निघायचं आणि समोरची काच हिरवट चमकायची. या 'काहीतरी'ला नाव पडलं कॅथोड किरण.

हे किरण म्हणजे काय, यावरून दोन तट पडले. जर्मनीतले बरेच शास्त्रज्ञ म्हणत होते, ही प्रकाशासारखी लाट आहे. इंग्लंडमधले म्हणत होते, हे विद्युतभार असलेले बारीक कण आहेत. जर्मन बाजूला हाइनरिश हर्ट्झसारखा मोठा माणूस होता. त्याने किरणांच्या दोन्ही बाजूंना विजेच्या पट्ट्या लावून पाहिल्या. किरण भार असलेले कण असतील तर ते वळायला हवेत. ते वळले नाहीत. झालं, मग ही लाटच.

जे. जे. थॉमसन तेव्हा केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख होता. त्याला शंका आली की नळीत अजून बराच वायू उरलेला असणार, आणि तोच विजेचा परिणाम झाकून टाकतोय. त्याने नळी आणखी चांगली रिकामी केली. आणि किरण वळले.

वळण किती पडतं, यावरून त्याने त्या कणांचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं. ते हायड्रोजनच्या आयनपेक्षा हजारपटींहून जास्त निघालं. याचे अर्थ दोनच: एक तर भार प्रचंड, नाहीतर वस्तुमान अगदी किरकोळ. शिवाय नळीत वायू कुठलाही असो, कॅथोड कुठल्याही धातूचा असो, आकडा तोच येत होता. ३० एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात थॉमसनने सांगून टाकलं की अणूपेक्षाही लहान असे कण आहेत आणि ते सगळ्या पदार्थांमध्ये असतात. तोपर्यंत अणू म्हणजे शेवट, त्याचे तुकडे होत नाहीत, असंच धरून चाललेलं. त्यामुळे बऱ्याच जणांना हे पटलं नाही. एका मान्यवर श्रोत्याला तर वाटलं होतं की थॉमसन सगळ्यांची फिरकी घेतोय!

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. त्याच वर्षी बर्लिनमध्ये वाल्टर काउफमन नावाचा तरुण शास्त्रज्ञ हाच प्रयोग करत होता. त्यानेही तेच गुणोत्तर मोजलं, आणि त्याचं मोजमाप चांगलंच अचूक होतं. तरी आज शाळेच्या पुस्तकात नाव थॉमसनचं आहे. का? कारण काउफमनने 'नवीन कण सापडला' असं म्हटलंच नाही.

भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्गने याचं एक कारण सांगितलंय, आणि ते तत्त्वज्ञानातलं आहे. जर्मन भाषेतल्या विज्ञानावर तेव्हा अर्न्स्ट माखचा मोठा प्रभाव होता. माखचं म्हणणं असं की विज्ञानाने अनुभवाला येणाऱ्या गोष्टींबद्दलच बोलावं. जे दिसत नाही, त्याच्या असण्याबद्दल दावे करू नयेत. अणूसुद्धा त्याला मान्य नव्हते. या वातावरणात वाढलेल्या माणसाने आकडा मोजला, लिहिला आणि तिथेच थांबला. थॉमसनने आकडा मोजला आणि म्हणाला, याच्यामागे एक खरी वस्तू आहे.

आकडा दोघांकडेही होता. 'ती वस्तू आहे' असं म्हणायची तयारी एकाचीच होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हाच वाद वेगळ्या कपड्यांत परत येणार आहे.

आणि हो, थॉमसन स्वतः या कणाला 'कॉर्पसल' म्हणायचा. 'इलेक्ट्रॉन' हा शब्द आयरिश शास्त्रज्ञ जॉर्ज जॉन्स्टन स्टोनीने १८९१ साली विजेच्या एककासाठी वापरला होता. नाव टिकलं स्टोनीचं.

लेकाची लाट

१९२४ साली पॅरिसमध्ये लुई द ब्रॉयने पीएचडीच्या प्रबंधात एक धाडसी कल्पना मांडली. प्रकाश ही लाट असूनही काही वेळा कणांसारखा वागतो, हे तोवर कळलं होतं. मग उलट का नको? कण लाटेसारखे का वागू नयेत? त्याचा हिशेब सांगत होता की वस्तूचा संवेग जेवढा जास्त, तेवढी तिची तरंगलांबी कमी.

याच हिशेबाने जोरात टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचीही लाट काढता येते. पण ती येते दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग एक, इतके मीटर. ती कुठेही दिसणं शक्य नाही. इलेक्ट्रॉन मात्र इतका हलका आहे की त्याची लाट स्फटिकातल्या दोन अणूंमधल्या अंतराएवढी येऊ शकते. म्हणजे स्फटिक वापरून ती पकडता येईल.

अमेरिकेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन मारत होते. लाट वगैरे काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. १९२५ साली प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटली, उपकरणात हवा शिरली आणि तापलेलं निकेल गंजलं. ते साफ करायला त्यांनी निकेल खूप तापवलं. त्यात निकेलचे बारीक बारीक स्फटिक जाऊन मोठे स्फटिक तयार झाले, आणि पुढच्या मोजमापांचा नूरच बदलला. पुढच्या वर्षी डेव्हिसन ऑक्सफर्डच्या परिषदेला गेला, तर तिथे माक्स बॉर्न त्याच्याच जुन्या आकड्यांचा दाखला देत लाटेबद्दल बोलत होता! परत जाऊन त्यांनी नीट शोधलं आणि १९२७ साली लाट सापडली.

इकडे स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला, जॉर्ज थॉमसन आणि त्याचा विद्यार्थी अलेक्झांडर रीड हे दोघं सेल्युलॉइडच्या अतिपातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडत होते. पलीकडच्या फोटोप्लेटवर कड्या उमटल्या, एकात एक. अशा कड्या लाटांशिवाय उमटत नाहीत. बापाने ज्या कॅथोड किरणांतून कण काढला, लेकाने त्याच किरणांतून लाट काढली.

मग लाट कसली?

आता खरी पंचाईत. पाण्याची लाट म्हणजे पाणी वरखाली होतं. इलेक्ट्रॉनच्या लाटेत नक्की काय वरखाली होतं?

१९२६ साली बॉर्नने उत्तर दिलं: शक्यता. लाट जिथे जोरात, तिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त. तो प्रत्यक्षात कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते.

हे किती विचित्र आहे ते समजायला एक प्रयोग पाहू. इलेक्ट्रॉनच्या वाटेत दोन फटी ठेवायच्या आणि मागे पडदा. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे. एक पोचला की मगच दुसरा. फाइनमनने साठच्या दशकातल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांत सांगितलं होतं की हा प्रयोग करायच्या फंदात पडू नका, कारण त्यासाठी उपकरण अशक्य वाटावं इतकं लहान लागेल. पण जर्मनीत क्लाउस यॉन्सनने १९६१ सालीच इलेक्ट्रॉनला फटींतून पाठवून दाखवलं होतं. एकेक इलेक्ट्रॉन सोडण्याचं काम आधी इटलीत बोलोन्याच्या गटाने सत्तरच्या दशकात केलं, आणि मग १९८९ साली जपानमध्ये आकिरा तोनोमुरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. या दोन्ही गटांनी प्रत्यक्ष फटींऐवजी एक अतिबारीक तार वापरली होती, जिच्या दोन्ही बाजूंनी वाट असते. तत्त्व तेच.

तोनोमुराच्या प्रयोगाची चित्रफीत मिळाली तर नक्की बघा. सुरुवातीला काळ्या पडद्यावर एकेक ठिपका पडतो. इथे एक, तिथे एक. काही संगती नाही. प्रत्येक ठिपका पूर्ण, अर्धा कधीच नाही. म्हणजे कण! पण हजारो ठिपके जमले की हळूहळू पट्टे दिसायला लागतात. उजेड, अंधार, उजेड, अंधार. म्हणजे लाट! आणि एका वेळी वाटेत बहुतेक एकच इलेक्ट्रॉन होता. मग तो कुणाशी मिसळून पट्टे तयार करत होता? आणि तो कुठल्या फटीतून गेला हे कळेल अशी सोय केली, की पट्टे गायब.

ब्रसेल्स, ऑक्टोबर १९२७

ब्रसेल्सच्या सॉल्वे परिषदेचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. २९ जण, त्यातले १७ नोबेलवाले किंवा पुढे नोबेल मिळणारे, आणि एकटी बाई म्हणजे मेरी क्युरी. तिथे आइनस्टाईन आणि नील्स बोर यांच्यात जुंपली.

बोरचं म्हणणं थोडक्यात असं. इलेक्ट्रॉन कण आहे की लाट, हा प्रश्न प्रयोगाची मांडणी न सांगता विचारण्याला अर्थ नाही. एका मांडणीत कणपण दिसेल, दुसऱ्या मांडणीत लाटपण. दोन्ही एकदम दिसणार नाहीत, पण पूर्ण चित्रासाठी दोन्ही लागतात. आइनस्टाईनला हे अजिबात पटत नव्हतं. आपण मोजत नसतानाही जग असतंच, आणि ते कसं आहे हे सांगणं भौतिकशास्त्राचं काम आहे, असा त्याचा आग्रह. शक्यतांवर थांबणारा सिद्धांत त्याला अपुरा वाटत होता.

आठवलं का काही? हा बराचसा काउफमन आणि थॉमसनचाच प्रश्न आहे: मोजमापापाशी थांबायचं, की मागच्या वस्तूबद्दल बोलायचं? त्यातली गंमत अशी की तरुणपणी आइनस्टाईनवरही माखचा प्रभाव होता. वय वाढलं तसा तो बाजू बदलून पलीकडे गेला.

त्याच परिषदेत द ब्रॉयने तिसरी वाट सुचवली. इलेक्ट्रॉन हा कणच आहे, त्याला नेहमी एक ठरावीक जागा असते, आणि एक लाट त्याला वाट दाखवत नेते. पाउलीने त्यावर आक्षेप घेतले आणि द ब्रॉयने काही काळाने ही कल्पना सोडून दिली. मग १९३२ साली जॉन फॉन नॉयमनने गणिताने 'सिद्ध' केलं की अशी कुठलीही छुपी व्यवस्था असूच शकत नाही. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने सांगितल्यावर विषय संपला.

पण संपला नव्हता. १९३५ साली ग्रेटे हरमान नावाच्या जर्मन गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ बाईने दाखवून दिलं की फॉन नॉयमनच्या सिद्धतेत एक गृहीत असं आहे जे धरायलाच नको. जे सिद्ध करायचं, ते आधीच मागच्या दाराने आत घेतलेलं होतं. तिचं कुणी ऐकलं नाही. १९५२ साली डेव्हिड बोमने द ब्रॉयची कल्पना नीट पूर्ण करून दाखवली, म्हणजे 'अशक्य' ठरवलेली गोष्ट करूनच दाखवली. बोम तेव्हा अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी चौकशांमुळे नोकरी गमावून ब्राझीलला गेलेला. त्यालाही फारसं कुणी विचारलं नाही. साठच्या दशकात जॉन बेलला ती चूक स्वतंत्रपणे सापडली, तेव्हा कुठे लोक जागे झाले. एका बाईने लिहून ठेवलेली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात यायला तीसएक वर्षं गेली. विज्ञानात पुरावा महत्त्वाचा हे खरंच, पण तो कोण मांडतंय यावरून त्याच्याकडे बघायचं की नाही हेही ठरत होतं.

चपलांचा जोड

बेलचं खरं मोठं काम १९६४ सालचं. समजा मी चपलांचा एक जोड घेतला, एकेक चप्पल वेगळ्या खोक्यात घातली आणि एक खोकं नागपूरला, दुसरं कोल्हापूरला पाठवलं. नागपूरवाल्याने खोकं उघडलं, डावी निघाली. त्याला त्याच क्षणी कळतं की कोल्हापुरात उजवी आहे. यात जादू काहीच नाही, कारण डावं-उजवं आधीच ठरलेलं होतं.

क्वांटम सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉनच्याही अशा जोड्या होतात. आइनस्टाईनचा अंदाज असा की तिथेही चपलांसारखंच काहीतरी आधी ठरलेलं असणार, आपल्याला ते माहीत नाही एवढंच. बेलने दाखवलं की हे तपासता येतं. उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि दोन टोकांचा एकमेकांवर काही परिणाम होत नसेल, तर दोन्हीकडच्या निकालांचा मेळ एका मर्यादेपेक्षा जास्त बसू शकत नाही. क्वांटम सिद्धांत म्हणतो, मर्यादा ओलांडली जाईल.

म्हणजे दोन विद्वानांचा तत्त्वज्ञानातला वाद अचानक प्रयोगशाळेच्या टेबलावर आला! १९७२ साली जॉन क्लाउझर आणि स्टुअर्ट फ्रीडमनने, १९८२ साली ॲलन आस्पेच्या गटाने प्रकाशकण वापरून प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली. २०१५ साली नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला हिऱ्यांमध्ये अडकवलेले इलेक्ट्रॉन १.३ किलोमीटर अंतरावर ठेवून प्रयोग झाला आणि आधीच्या प्रयोगांतल्या मुख्य पळवाटाही बंद झाल्या. २०२२ साली क्लाउझर, आस्पे आणि आंतोन झाइलिंगर यांना नोबेल मिळालं.

म्हणजे इलेक्ट्रॉन चपलेसारखा नाही. पण बोर जिंकला असंही लगेच म्हणू नका. बोमचा सिद्धांत अजून जिवंत आहे, फक्त त्यात दूरच्या दोन गोष्टी एकमेकींशी थेट जोडलेल्या मानाव्या लागतात. १९५७ साली ह्यू एव्हरेटने मांडलेलं चित्रही आहे, ज्यात सगळ्याच शक्यता वेगवेगळ्या शाखांमध्ये खऱ्या होतात.

'बघणारा' म्हणजे कोण?

आता हा भाग करायचं खरं कारण सांगतो. माझ्या एका मावशीने मध्यंतरी गुडघेदुखीसाठी 'क्वांटम'वाल्या शिबिराचे पैसे भरले. तिथे सांगितलं गेलं की बघण्याने इलेक्ट्रॉन बदलतो हे विज्ञानाने सिद्ध केलंय, म्हणजे मनात ठाम विचार आणला की शरीरही बदलतं. पैसे गेले ते गेले, पण त्या नादात डॉक्टरकडे जाणं चार महिने लांबलं. अशी रील्स मला रोज दिसतात. तुम्हालाही दिसत असणार.

तर नीट ऐका. क्वांटम भौतिकशास्त्रात 'बघणं' म्हणजे डोळे किंवा मन नव्हे. कण कुठून गेला याची खूण आजूबाजूच्या जगात कुठेतरी उमटणं म्हणजे 'बघणं'. २००४ साली व्हिएन्नात झाइलिंगरच्या गटाने कार्बनच्या ७० अणूंचे रेणू घेतले. हे रेणूसुद्धा लाटेसारखे पट्टे दाखवतात. मग ते रेणू तापवले. तापलेला रेणू वाटेत प्रकाश सोडतो, आणि त्या प्रकाशातून त्याची जागा बाहेर 'फुटते'. जितकं तापवलं, तितके पट्टे पुसट होत गेले. तो प्रकाश कुणी पाहत नव्हतं. कुणी मनात काही आणलं नव्हतं. गरम रेणू पुरेसा होता.

मनाचा संबंध कुणी जोडलाच नव्हता असं मात्र नाही. नोबेल विजेत्या युजीन विग्नरने १९६१ साली जाणिवेला जागा देऊन पाहिली होती. पुढे त्यानेच ते मत सोडलं. आणि समजा सोडलं नसतं, तरी निकाल कुठला यावा हे मनाने ठरवता येतं असं त्यानेही म्हटलं नव्हतं. शक्यतांचे आकडे बॉर्नच्या नियमानेच येतात. इच्छेला तिथे खाच नाही.

मग या वादाचा उपयोग काय?

तुम्ही हा भाग डाउनलोड करून ऐकत असाल, तर तो फोनच्या फ्लॅश मेमरीत साठलेला आहे. म्हणजे काय? तर इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटर जाडीच्या भिंतीतून पलीकडे जाऊन तिथे अडकून बसलेत. जुन्या हिशेबाने त्यांना ती भिंत ओलांडण्याएवढी ऊर्जाच नव्हती. पण लाट भिंतीत थोडी पुढे शिरते, म्हणून पलीकडे सापडण्याची शक्यता शून्य नसते. धातूतून इलेक्ट्रॉन असे बाहेर कसे पडतात, याचा हिशेब फाउलर आणि नॉर्डहाइमने १९२८ सालीच मांडला होता.

हा हिशेब करायला तुम्ही बोरच्या बाजूचे आहात की बोमच्या, याने काही फरक पडत नाही. उत्तर तेच येतं. म्हणून अनेक पिढ्या विद्यार्थ्यांना एकच शिकवण मिळाली: गप्प बसा आणि गणित करा. हे वाक्य बऱ्याचदा फाइनमनच्या नावावर खपवतात, पण ते डेव्हिड मर्मिनचं आहे, आणि त्याने ते टोमणा म्हणून लिहिलं होतं.

मला ती शिकवण पुरत नाही. काउफमनने गणित केलं आणि गप्प बसला. थॉमसनने विचारलं, हे आहे तरी काय? हरमानने विचारलं, सिद्ध झालं म्हणता, पण कशाच्या जोरावर? बेल तर सर्नमध्ये कणांच्या यंत्रांवर आणि कणांच्या सिद्धांतांवर काम करायचा. हा प्रश्न त्याचा फावल्या वेळचा होता. आज क्वांटम सुरक्षित संदेश आणि क्वांटम संगणक यांच्यामागे ज्या कल्पना आहेत, त्यांचा मोठा भाग त्या 'निरुपयोगी' प्रश्नाच्या वाटेवर सापडला.

तेव्हा इलेक्ट्रॉन काय आहे? तो नेहमी पूर्णच सापडतो, अर्धा कधीच नाही. तो कुठे सापडेल याची शक्यता लाटेसारखी पसरते. आणि त्याची उत्तरं चपलेसारखी आधी खोक्यात भरून ठेवलेली नसतात, निदान दूरच्या गोष्टी एकमेकींना थेट जोडलेल्या नसतील तर. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. याच्या पुढे जगातले सगळ्यात हुशार लोक आजही भांडतायत, पण ते प्रयोगाच्या निकालांना धरून भांडतायत. पुढच्या वेळी कुणी 'क्वांटम' म्हणून काही विकायला आला, तर त्याला एवढंच विचारा: प्रयोग कुठला, आणि आकडा किती?

मावशी आता फिजिओथेरपीला जाते, बरं आहे तिचं. हा भाग आवडला असेल तर घरच्या ग्रुपवर जरूर टाका, कारण तसली रील्स तिथेच जास्त फिरतात. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि प्रश्न विचारत राहा!